अकरा मार्चचं पान

१

पान फाडलेलं नव्हतं. कापलेलं होतं. शिलाईपासून जरासं अंतर सोडून, ब्लेडनं, वरून खालपर्यंत एका दमात.

सकाळी अकरा वाजता ते पान रजिस्टरात होतं. दुपारी सव्वादोनला नव्हतं. मधल्या वेळात पांढरकवड्यात भारनियमन होतं, वीज नव्हती.

"आता दिल्लीला मी काय सांगू?" साकेत बडनेरकर म्हणाला. परराष्ट्र खात्यातला हा तरुण अधिकारी मूळचा अमरावतीचा. कालच विमानानं नागपूर आणि तिथून जीपनं पांढरकवड्याला आला होता, ते फक्त या एका पानासाठी.

हायवेवरच्या मुसाफिर लॉजचे मालक जफरभाई काउंटरच्या पलीकडे उभे होते. ते मूळचे ट्रक मेकॅनिक. लॉजच्या मागेच त्यांचं गॅरेज होतं आणि हातांना अजून ग्रीस लागलेलं होतं.

"साहेब, खुदा कसम, रजिस्टर मी ड्रॉवरात ठेवलं अन् मागं गॅरेजात गेलतो. एका टाटाचा गियर बॉक्स खोलून राह्यलो होतो."

"गॅरेजमध्ये तुमच्यासोबत कोण होतं?"

"कोन्ही नाही. ड्रायव्हर जेवाले गेलता."

साकेतनं रजिस्टर मिटलं. "जफरभाई, परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत पोलिसांना फॉर्म द्यावा लागतो. तुम्ही तो दिला नव्हता. खरं ना?"

जफरभाईंनी मान खाली घातली. "नव्हता देला."

"म्हणजे हे पान दिल्लीला गेलं असतं, तर पहिली अडचण तुमचीच झाली असती."

काउंटरच्या टोकाला उभी असलेली त्यांची मुलगी गझाला हे सगळं ऐकत होती. ती एकदम पायऱ्या उतरून रस्त्यावर गेली.

"कुठं चालली?" जफरभाईंनी विचारलं.

"घारफळकर काकूंले आणाले. नाही तं हे साहेब संध्याकाळपर्यंत तुमाले ठाण्यात बसवतीन."

२

शुभदा घारफळकर यांनी एकतीस वर्षं दस्त नोंदणीच्या कार्यालयात काढली होती. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं. खाडाखोड, उसनी सही, मागाहून घातलेली ओळ त्यांच्या नजरेतून सहसा सुटत नसे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी गावातली माणसं अजूनही कागद दाखवायला त्यांच्या ओट्यावर येत.

त्यांनी रजिस्टर उजेडाला धरलं. जफरभाईंची एक शिस्त होती. रोज नवं पान, वर तारीख. मुक्कामी असलेल्या प्रत्येकानं रोज संध्याकाळी नव्यानं सही करायची, वेळ घालायची. पानाची मागची बाजू कोरी.

दहा मार्चनंतर बारा मार्च येत होता.

"बाई कोण होती?" शुभदाताईंनी विचारलं.

साकेतनं आधी गझालाला आणि जफरभाईंना बाहेर पाठवलं, मग सांगायला सुरुवात केली.

तिचं नाव दिलनोझा. मध्य आशियातल्या एका कापूस पिकवणाऱ्या देशातली शाळाशिक्षिका. तिथे वेचणीच्या दिवसांत शाळा बंद करून पोरांना शेतात धाडतात, हे तिनं लिहिलं आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. मार्चमध्ये ती यवतमाळ जिल्ह्यातला कापूस पाहायला आली होती. आठ ते तेरा मार्च ती याच लॉजवर होती. परत गेल्यावर तिला अटक झाली. आरोप असा, की अकरा मार्चच्या संध्याकाळी तिनं दिल्लीतल्या एका हॉटेलात तिथल्या फरारी पुढाऱ्याची भेट घेतली आणि सरकार उलथवायचा कट केला.

"वीस वर्षं होऊ शकतात," साकेत म्हणाला. "सुनावणी सोमवारी आहे. कट आपल्या भूमीवर झाला असं ते म्हणतात, म्हणून आपल्या सरकारला उत्तर द्यावं लागणार. ते उत्तर काय असेल, हे त्या पानावर अवलंबून होतं."

"दहा आणि बारा तारखेला ती इथेच आहे. ते पुरत नाही?"

"सरकारी वकील म्हणेल, सकाळी विमानानं दिल्लीला गेली, रात्री परतली. अकराच्या संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांची तिची सही त्या पानावर होती. मी स्वतः पाहिली. पण 'आमच्या अधिकाऱ्यानं पाहिली' हे दुसऱ्या देशाच्या कोर्टात कोण ऐकेल? मूळ कागद हवा. रजिस्टर इथेच ठेवून झेरॉक्सची सोय पाहायला गेलो तर वीज नाही. दोन वाजेपर्यंत दुकानाच्या बाकावर बसून राहिलो. माझ्या फोनला कॅमेरासुद्धा नाही."

त्यानं बॅगेतून दोन टाइप केलेले कागद काढून टेबलावर ठेवले. एकावर तीन वाक्यं होती. ती बाई त्या दिवशी कुठे होती ते भारत सरकार अधिकृतपणे कळवतं, आपल्या भूमीवर असा कट झाल्याचं नाकारतं. दुसऱ्यावर एकच ओळ. *या प्रकरणी भारत सरकारकडे माहिती उपलब्ध नाही.*

"दोन्ही मसुदे मंजूर आहेत," साकेत म्हणाला. "पान मिळालं तर पहिला, नाही मिळालं तर दुसरा. खरं सांगायचं तर दुसराच गेला तर दिल्लीत बऱ्याच जणांना हायसं वाटेल. त्या देशाशी आपले बरेच करार आहेत."

"आणि तुम्हाला?"

साकेतनं दोन्ही मसुदे उचलून बॅगेत ठेवले. "परवा दुपारी तीनला नागपूरहून माझं विमान आहे," एवढंच म्हणाला.

शुभदाताई त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिल्या. पान शेवटचं ज्यांनी हाताळलं त्यात हाही होताच.

३

सकाळी रजिस्टर उघडलं तेव्हा काउंटरपाशी पाच जण होते. साकेत, जफरभाई, गझाला, पाहुणीला गावात आणणारे अनंतराव कळंबकर, आणि लॉजवर महिनाभर मुक्कामाला असलेला पूनमसिंग आडे, कापसाचा दलाल.

गझालाशी त्या आधी बोलल्या.

"काकू, मी एक वाजेपर्यंत काउंटरवरच होती. मग दादीले जेवण द्याले आत गेली. वीसेक मिनिटं. ड्रॉवराले कुलूप नाही."

"तेव्हा समोर कोण होतं?"

"अनंत सर सोफ्यावर पेपर वाचून राह्यले होते. पूनमसिंगभाऊ दारात होते. परत आली तं दोघंही नव्हते."

"तिचा पुरावा इथे आहे, असं पत्र दिल्लीला कोणी पाठवलं?"

"दिल्लीले नाही. दिलनोझा आपाच्या वकिलाले पाठवलं, मी. नेट कॅफेत बातमी वाचली तिच्यावर केस झाल्याची. ती मले पत्ता देऊन गेलती. लिवलं का आमच्याकडे तिच्या सह्या आहेत." तिनं ड्रॉवर ढकलून बंद केला. "अकराले मी नेरला होती, आत्याच्या पोरीच्या लग्नाले. नाही तं मीच साक्ष देली असती. अब्बांले म्हणलं, फॉर्म भरला नाही, तुमच्यावर येईन. ते म्हणे, येऊ दे."

पूनमसिंग त्यांना पाहून उठला नाही. त्याच्या खोलीत तंबाखू-सुपारीच्या खर्‍याचा वास भरला होता. खिडकीत कापसाच्या नमुन्यांच्या पुड्या रांगेनं ठेवलेल्या. त्यातल्या दोन पुड्यांवर परक्या लिपीतली अक्षरं होती.

"हा कापूस कुठचा?"

"बाहेरचा," तो म्हणाला. "आपल्या कापसाले भाव नाही अन् गिरण्या बाहेरून गाठी आणतात. मी नमुने दाखवतो. गुन्हा हाये का?"

"त्याच देशाचा आहे ना, जिथं त्या बाईवर खटला चालू आहे?"

पूनमसिंगचे जबडे चावायचे थांबले. "कापूस त्या देशाचा असन. खटल्याचं मले आज साहेबाच्या तोंडून समजलं. मी खर्रा आणाले टपरीवर गेलतो. टपरीवाल्याले इचारा."

त्यांनी विचारलं. टपरीवाला म्हणाला, पूनमसिंग आला होता, पण एक वाजता नाही, पावणेदोनला. मधला पाऊण तास तो कुठे होता ते कोणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी त्या अनंतरावांच्या घरी गेल्या. अनंतराव निवृत्त प्राध्यापक, कापूस अभ्यास मंडळाचे कार्यवाह. शुभदाताईंचे यजमान आजारी होते तेव्हा याच माणसानं नागपूरच्या दवाखान्यात अकरा दिवस त्यांच्या उशाशी काढले होते. त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे शुभदाताईंना स्वतःचीच लाज वाटत होती.

"या वहिनी," अनंतराव म्हणाले. त्यांच्या पत्नीनं, अनघानं, चहा आणि चिवडा आणून ठेवला. अनंतरावांनी चिवड्याची बशी शुभदाताईंकडे सरकवली. "तुम्ही घ्या. मला मीठ बंद आहे. तीन वर्षं झाली, बीपीमुळे."

"दिलनोझा इथे होती तेव्हा तुम्ही रोज सोबत होता?"

"जवळजवळ रोज. आठ ते तेरा. मध्ये फक्त अकराला नव्हतो. मुकुटबनला गेलो होतो, बियाणं उगवलं नाही म्हणून तक्रारी होत्या, त्या चौकशी समितीवर मी होतो. दिवसभर तिथेच."

"आज दुपारी?"

"एकपर्यंत लॉजवर होतो. मग कंटाळलो आणि घरी आलो. वहिनी, मला विचाराल तर पूनमसिंगकडे लक्ष ठेवा. बाहेरच्या कापसावर त्याचं पोट आहे. त्या देशाचं मन राखायला तो काहीही करेल."

शुभदाताईंनी चहा संपवला. अंगणात चपला घालताना त्यांच्या मनात एक गोष्ट घर करून बसली. ज्या बाईला या माणसानं गावात आणलं, तिच्यासाठी पत्र लिहिलं ते वीस वर्षांच्या एका मुलीनं. यांनी का नाही?

४

"माझ्या मते जफरच," दुसऱ्या दिवशी सकाळी साकेत म्हणाला. "कारण सोपं आहे. खटल्यातली तारीख अकरा मार्च आहे, हे मी फक्त त्यांना सांगितलं होतं. बाकीच्यांना एवढंच माहीत होतं, की मार्चमधल्या मुक्कामाचा पुरावा हवा. मी मुद्दाम सगळी पानं चाळली, कुठेही थांबलो नाही. मग नेमकं तेच पान कापलं कोणी? ज्याला तारीख माहीत होती त्यानंच."

"जफरभाईंना ते पान नको होतं, तर दिल्लीहून फोन आला तेव्हाच ते म्हणाले असते, रजिस्टर पावसात भिजलं. संपला विषय. पान असल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं, फॉर्म भरला नव्हता हे ठाऊक असून. आता ते कापून काय मिळणार?"

"मग पूनमसिंग."

"पूनमसिंगला, किंवा त्या देशाच्या बाजूच्या कोणालाही, त्या बाईचा पुरावा नाहीसा करायचा असता, तर त्यानं काय केलं असतं? तारीख माहीत नाही. म्हणजे आठपासून तेरापर्यंतची सहाही पानं काढली असती. नाही तर रजिस्टरच उचललं असतं. एकच पान काढून पाच पानं तिच्या सह्यांसकट ठेवली नसती."

साकेत गोंधळला. "तारीख माहीत असणाऱ्यानं कापलं नाही, माहीत नसणाऱ्यानंही कापलं नाही. मग कोणी?"

"ज्याला तुमच्या तारखेशी काही घेणं नव्हतं, त्यानं. त्याची स्वतःची एक तारीख होती, साहेब. दोघांच्या तारखा एक निघाल्या. आपण सगळे दिलनोझाच्या ओळीकडे पाहत बसलो. त्या पानावर दुसऱ्या ओळीही असतील."

साकेतनं आठवायचा प्रयत्न केला. सात-आठ नावं होती. त्यानं एकच वाचलं होतं.

जफरभाईंनाही आठवेना. आठ महिने झालेले, रोजचे दहा ट्रकवाले, आणि तेव्हा काउंटर सांभाळणारा माणूस आता हैदराबादकडे निघून गेलेला. पण लॉजमध्ये एक जण अशी होती, जिला पाहुणे नावानं नाही, जेवणावरून आठवत.

जफरभाईंची आई बिस्मिल्लाबी स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलत होती. वय ऐंशीच्या घरात. गझालानं ओरडून प्रश्न सांगितला.

"नेरच्या शादीचा दिवस ना?" म्हातारी म्हणाली. "याद हाये. घरी मीच एकली. ती परदेशी पोरगी माह्याजवळ बसून तुरीच्या शेंगा सोलून राह्यली होती, दिवस मावळेपर्यंत. वर चार नंबरात तीन ताटं गेली."

"चार नंबरात कोण होतं, खाला?"

"सूरत नाही पाह्यली बेटा. पोऱ्या ताटं घेऊन गेला. पण एकाची डाळ अलग शिजवाले लागली. बगैर मिठाची. मी म्हणलं, या उमरीत माह्या चुलीवर असा बेचव खाना कधी बनला नाही."

साकेत ते वहीत लिहून घेत होता. त्याला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. शुभदाताई मात्र बाहेर येऊन चपला घालू लागल्या.

"जीप काढा," त्या म्हणाल्या. "मुकुटबनला जाऊ. माझी चूक असली तर बरं होईल."

५

मुकुटबनजवळच्या तांड्यावर रामीबाईचं घर शोधायला फार वेळ लागला नाही. बियाण्याची तक्रार तिनंच पुढे होऊन केली होती. तक्रार फेटाळल्याचं पत्र आणि चौकशी अहवालाची प्रत तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगून ठेवली होती.

"अकरा मार्चले समिती आलती का, बाई?" शुभदाताईंनी विचारलं.

"कायची समिती!" रामीबाई म्हणाली. "आमाले निरोप आलता, साहेब लोक येऊन राह्यले म्हणून. आमी पन्नास माणसं दिवसभर लिंबाखाली बसून होतो. उन्हं उतरली, कोन्ही आलं नाही. मंग महिन्यानं हा कागद आला. का बियाणं चांगलं होतं, आमीच उशिरा पेरलं."

शुभदाताईंनी अहवाल उघडला. 'दि. ११ मार्च रोजी समितीने मौजे मुकुटबन येथे प्रत्यक्ष जाऊन तक्रारदारांचे जबाब घेतले.' खाली समितीच्या सह्या. त्यातली एक वळणदार, ओळखीची. त्यांच्या यजमानांच्या दवाखान्याच्या कागदांवरही ती होती. त्याखाली जबाब देणाऱ्यांची नावं आणि नावांपुढे निळे अंगठे.

"यातलं दुसरं नाव तुमचं आहे. हा अंगठा तुमचा?"

"अंगठा?" रामीबाईनं कागद हिसकून घेतला. "माह्या नावापुढं अंगठा? मी तं सही करतो! साक्षरतेच्या वर्गात गेलतो मी, चौदा वर्षं झाली. बँकेत सही, राशनच्या दुकानात सही, तक्रारीवर माही सही हाये. पाहा, काढून पाहा!"

तक्रारीच्या प्रतीवर ती होती. जाड, वाकडी, प्रत्येक अक्षर सुटं. रामीबाई.

"दुसऱ्याचा अंगठा लावला माह्या नावावर," ती म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "बाई, बियाण्याचं एक सोडा. पन मी अंगठेबहाद्दर हाये असं लिवून ठेवलं सरकारच्या कागदावर."

परतीच्या वाटेवर साकेतनं रामीबाईचं म्हणणं वहीत उतरवलं. पाटणबोरीच्या फाट्याशी त्यानं विचारलं, "ताई, मुकुटबनला कोणी गेलंच नाही, तर अहवाल लिहिला कुठे?"

"चार नंबरच्या खोलीत. तीन ताटं जेवून."

जीप लॉजसमोर थांबली तेव्हा पूनमसिंग पायरीवर वाट पाहत होता. त्यानं शुभदाताईंना बाजूला घेतलं.

"काल खोटं बोललो, ताई. मी टपरीवर नाही, मागच्या गल्लीत फोनवर होतो. मालक म्हणे, त्या बाईच्या भानगडीत आपलं नाव येऊ देऊ नको, म्हणून चूप बसलो. पन येक सांगतो. गल्लीतून खिडकीतलं काउंटर दिसते. मी अनंत सराले ड्रॉवरापाशी वाकलेलं पाह्यलं. मले वाटलं पेन शोधत असतीन."

६

अनंतराव ओसरीत एकटेच बसले होते. अनघा देवळात गेलेली. शुभदाताई आणि साकेत समोर बसले तेव्हा त्यांनी या म्हटलं नाही.

"अनंतराव, मी मुकुटबनहून येते आहे."

अनंतरावांनी हातातला पेपर बाजूला ठेवला.

"रामीबाई सही करते. तुम्हाला माहीत नव्हतं ना? असणार कसं, तुम्ही तिला पाहिलंच नाही. अकरा तारखेला तुम्ही चार नंबरच्या खोलीत होता. खालाला वेगळी डाळ शिजवावी लागली, बिनमिठाची. काल साहेब रजिस्टराची पानं उलटत होते तेव्हा तुम्हाला त्या पानावर तुमचं नाव दिसलं."

"माझं नाव नव्हतं." अनंतराव म्हणाले. "खोली बियाणं कंपनीच्या माणसाच्या नावावर होती. त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून ओळ मी लिहिली. ओळख देणाऱ्याच्या रकान्यात सही केली, दिलनोझासाठी रोज करायचो त्या सवयीनं. दिलनोझाच्या ओळीच्या खालची ओळ." त्यांनी दाराकडे पाहिलं. "आमच्या श्रेयसला, मुलाला, त्या कंपनीत नोकरी लागायची होती, वहिनी. त्यांनी काही मागितलं नाही. अहवाल टाइप करून आणला होता, अंगठे लावूनच. मी वाचलाही नाही. जेवलो आणि सही केली."

"आणि दिलनोझा?"

"संध्याकाळी खाली उतरलो तर ती अंगणात होती. मला पाहून म्हणाली, सर, मुकुटबनहून लवकर आलात! मी हो म्हटलं." त्यांनी चष्मा काढला. "तिच्या वकिलाचं पत्र मलाही आलं होतं. सप्टेंबरात. तिनं साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं होतं. मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, दुसरं कोणी सांगेल."

साकेत ताडकन उठला. "पान कुठे आहे? जाळलंत?"

अनंतराव आत गेले. येताना त्यांच्या हातात एक जाड पुस्तक होतं आणि दुसऱ्या हातात कात्री. पुस्तकात ते पान सरळ ठेवलेलं होतं. पानाच्या कडेला, दोन ओळींच्या मधोमध, कात्रीची अर्धा इंच चीर होती.

"जाळायला घेतलं, तिची सही दिसली. मग वाटलं, तिची ओळ कापून नाव न लिहिता पोस्टानं पाठवावी. माझी ओळ खाली राहील. काल रात्री इतकंच कापलं."

"अर्ध्या पानाला कोर्टात कागदाचा तुकडा म्हणतात," शुभदाताई म्हणाल्या. "पान अख्खंच जाईल. पण ते कापलेलं आहे, अनंतराव. समोरचा वकील विचारेल, रजिस्टरातून निघालेलं पान दोन दिवस कुठे होतं? नुसत्या पानावर आता कोणी विश्वास ठेवणार नाही. ते तुम्ही केलंत."

"मग?"

"मग तुमची साक्ष लागेल. शपथेवर. अकरा मार्चच्या संध्याकाळी सातला मी पांढरकवड्यात होतो, तिला पाहिलं, तिच्याशी बोललो. आणि मी मुकुटबनला नव्हतो. पान मीच कापलं, या कारणासाठी. सगळं. खाला बोलल्या तर म्हणतील लॉजवाल्याची आई आहे, गझाला तर त्या दिवशी नेरला होती. तुमचं मात्र खरं मानतील, कारण त्यात तुम्हीच बुडता."

"श्रेयसची नोकरी जाईल. माझ्यावर गुन्हा दाखल होईल."

"होईल."

साकेत पान बॅगेत ठेवत म्हणाला, "ताई, आत्ताच ठाण्यात नेऊ या. जबाब लिहून घेतील."

शुभदाताईंनी मान हलवली. "ओढून नेलेल्या माणसाचा जबाब उद्या फिरतो. उद्या नऊ वाजता तहसील कचेरीसमोर नोटरीच्या टेबलापाशी मी उभी राहीन. यायचं तर ते येतील."

"आणि नाही आले तर? दहाच्या आत मला निघायचं आहे. तिची वीस वर्षं तुम्ही यांच्या भरवशावर सोडताय?"

शुभदाताई उठल्या आणि अंगण ओलांडून रस्त्याला लागल्या.

७

नऊ वाजले. नोटरीनं टेबल मांडलं, शिक्के काढून ठेवले. साकेत जीपपाशी घड्याळ पाहत उभा होता. गझाला आणि जफरभाई आले होते. जफरभाईंनी सकाळीच ठाण्यात जाऊन फॉर्म न दिल्याचं स्वतः लिहून दिलं होतं. "नोटीस येईन म्हणे," ते म्हणाले. "येऊ द्या."

सव्वानऊ. साडेनऊ.

"अनंत सर सकाळच्या यवतमाळच्या बसमध्ये बसले," एक ओळखीचा शिपाई जाता जाता म्हणाला. "मी स्टँडवर पाह्यले."

साकेतनं बॅगेतून दुसरा मसुदा काढला, एका ओळीचा. गझाला रडायला लागली. शुभदाताई जागच्या हलल्या नाहीत. एकतीस वर्षं कागद वाचले, त्यांना वाटलं, आणि माणूस वाचता आला नाही.

दहाला पाच कमी असताना एक ऑटो येऊन थांबली. त्यातून अनघा उतरली, मग अनंतराव. त्यांच्या हातात घडी केलेले कागद होते.

"बस मोहदाला थांबवली आणि उतरलो," ते म्हणाले. धाप लागली होती. "घरी जाऊन हिला आधी सांगितलं. मग लिहायला बसलो. वेळ लागला, वहिनी. चार पानं झाली."

अनघाचे डोळे सुजलेले होते. ती कोणाकडे पाहत नव्हती, पण नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली.

नोटरीनं चारही पानं मोठ्यानं वाचली. कचेरीसमोर अर्ज लिहून घ्यायला आलेली माणसं थांबून ऐकत होती. अनंतरावांनी प्रत्येक पानावर सही केली. साकेतनं एका ओळीचा मसुदा फाडला आणि जीपमध्ये बसला.

तीन वाक्यांचं उत्तर शनिवारी गेलं. सोबत मूळ पान आणि शपथपत्राची प्रत. सोमवारी आपले राजदूत स्वतः कोर्टात जाऊन बसले. इकडे महिन्याभरात मुकुटबनचा अहवाल रद्द झाला, नवी चौकशी लागली, आणि अनंतरावांवर गुन्हा दाखल झाला. श्रेयस नोकरी सोडून घरी आला. बापाशी तो दीड महिना बोलला नाही.

जानेवारीत साकेतचा फोन आला.

"ताई, कटाचा आरोप काढून टाकला. लिखाणाबद्दल दोन वर्षं दिली आहेत. वीस नाहीत, दोन. राजदूत तिला तुरुंगात भेटून आले. तिनं एकच गोष्ट विचारली. त्या सरांना साक्षीला कोणी पकडून आणलं का? त्यांच्यावर जबरदस्ती झाली असेल तर तिला ते नको आहे. तिच्या देशात साक्षी तशाच मिळवतात म्हणाली. काय कळवू?"

शुभदाताई ओट्यावर उभ्या होत्या. रस्त्याच्या पलीकडून अनंतराव कोर्टाच्या तारखेला निघाले होते, काखेत फाइल, एकटेच.

"कळवा," त्या म्हणाल्या, "कोणी आणलं नाही. उशीर झाला, पण ते आपले आपण आले."